घोषणा, जीआर आणि खात्यातले पैसे

महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविका आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक यांच्या संपांच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार छापून आल्या, त्यांच्या मोर्च्यांची आणि आझाद मैदानावरील ठिय्याची छायाचित्रेही वाचकांनी पाहिली. मात्र या संघटनांचे जे काम संप नसतानाही वर्षभर चालते आणि ज्याच्यावाचून संपालाही बळ येत नाही, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. सभासदाचे हक्काचे पैसे किती, ते कोणत्या कामाचे, ते केंद्राकडून यायचे की राज्याकडून आणि आज ते नेमके कोठे अडले आहेत, हे तिला बिनचूक सांगत राहणे हे ते काम होय. जिथे दरमहा ठरावीक पगार असतो आणि त्याची पावती हातात पडते, तिथे ही माहिती आपोआप मिळते. आशांच्या बाबतीत ती मिळवावी लागते, आणि ती मिळवून देणारे संघटनेखेरीज दुसरे कोणी सहसा नसते.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले तेव्हा ग्रामीण भागात साधारण १००० लोकवस्तीमागे एक आशा, आणि डोंगरी व आदिवासी भागात प्रत्येक पाड्या-वस्तीमागे एक, असे सूत्र ठरले. आशा त्याच गावची रहिवासी असावी, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी आणि २५ ते ४५ या वयोगटातील असावी, अशी अपेक्षा होती. २०१३ मध्ये शहरी अभियानाची जोड मिळून राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले, तेव्हा शहरांतील वस्त्यांमध्येही आशा नेमल्या गेल्या. आज राज्यात सुमारे ७० हजार आशा असून साधारण २० आशांमागे एक याप्रमाणे साडेतीन हजारांच्या आसपास गटप्रवर्तक आहेत. गरोदर मातेची नोंदणी, दवाखान्यातील बाळंतपण, लसीकरण, क्षयरुग्णाला नियमित औषध, कुटुंबनियोजनाचा सल्ला, घरोघरची सर्वेक्षणे अशी कामे त्या करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला तो याच कामासाठी.

या कामाचा मोबदला ठरवण्याची पद्धत समजल्याशिवाय वाद समजत नाही. आशा ही सरकारच्या लेखी कर्मचारी नसून ‘स्वयंसेविका’ आहे, आणि तिला वेतन नव्हे तर कामावर आधारित मोबदला मिळतो. म्हणजे प्रत्येक कामाला एक दर असतो आणि ते काम पूर्ण झाल्याची नोंद झाली की त्या दराने रक्कम निघते. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात गरोदरपणातील तपासण्यांसाठी ३०० आणि दवाखान्यातील प्रसूतीसाठी ३०० रुपये आहेत. बालकाचे पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाले की १०० रुपये आहेत. नवजात बालकाच्या घरभेटींचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशेने ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी जायचे, बाळाचे वजन, तापमान, श्वास आणि दूध ओढण्याची ताकद पाहायची, आईला काही धोक्याची लक्षणे आहेत का ते विचारायचे आणि प्रत्येक भेटीचा तक्ता भरायचा. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये होतात. तेही शेवटच्या भेटीनंतर, आणि बाळाचे जन्मवजन कार्डावर नोंदलेले असेल, सुरुवातीच्या लसी दिलेल्या असतील, जन्मनोंदणी झाली असेल आणि आई व बाळ दोघेही ४२व्या दिवसापर्यंत सुखरूप असतील, तरच. माहेरी बाळंतपणाला आलेली लेक चौथ्या भेटीनंतर सासरी निघून गेली, तर आधीच्या भेटींचे काय, हा प्रश्न गावोगावच्या आशांना पडतो, आणि त्याचे उत्तर दरपत्रकाच्या एका ओळीत मिळत नाही.

अशा लहान-लहान रकमांची यादी कित्येक शीर्षकांची होते. महिनाअखेरीस आशा आपल्या कामाचा तक्ता भरते, परिचारिका व गटप्रवर्तक त्याची पडताळणी करतात, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी त्यावर सही करतात, तालुक्याला त्याची जुळणी होते आणि मग रक्कम बँकेत जमा होते. या साखळीच्या शेवटी आशेच्या मोबाइलवर जो संदेश येतो त्यात फक्त एक आकडा असतो. त्या आकड्यात कोणत्या महिन्याचे, कोणत्या कामाचे, केंद्राच्या वाट्याचे की राज्याच्या वाट्याचे पैसे आहेत, हे त्यावरून कळत नाही. मागील दोन महिन्यांची थकबाकी आणि चालू महिन्याचा मोबदला एकत्र आला असेल, तर कमी मिळाले की जास्त हेही सांगता येत नाही. दरमहा कामनिहाय तपशिलाची पावती मिळावी ही मागणी म्हणूनच मोबदला वाढवण्याच्या मागणीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. पावती नसेल तोवर सभासदाने आपली वही स्वतः ठेवणे हाच उपाय उरतो. तारीख, घर, काम, दर आणि दावा मंजूर झाला की नाही, एवढे पाच रकाने ज्या आशेच्या वहीत आहेत तिला ‘तुझे काही बाकी नाही’ असे सहज सांगता येत नाही.

कर्मचारी आणि स्वयंसेविका या भेदाचा परिणाम पैशांवर थेट होतो. कर्मचाऱ्याला वेतन आयोग, महागाई भत्ता, वार्षिक वाढ यांचा आधार असतो, तर कामगाराला किमान वेतनाच्या कायद्याचा. आशांना यांपैकी काहीच आपोआप लागू होत नसल्याने प्रत्येक वाढ स्वतंत्रपणे मागावी लागते आणि ती स्वतंत्र आदेशानेच मिळते. अंगणवाडी, आशा, शालेय पोषण आहार अशा योजनांत काम करणाऱ्यांना कामगार मानावे, त्यांना किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस ४५व्या भारतीय श्रम परिषदेने मे २०१३ मध्ये केली होती. सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिन्ही बाजू ज्या परिषदेत बसतात तिची ही शिफारस असल्याने संघटना आजही प्रत्येक निवेदनात तिचा दाखला देतात. तिची अंमलबजावणी मात्र झालेली नाही.

वाढ आदेशानेच मिळत असल्यामुळे आदेश वाचता येणे ही या क्षेत्रातील मोठी विद्या ठरते. राज्य सरकारचा शासन निर्णय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला जीआर, एका ठरावीक साच्यात असतो. वर विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक, त्याखाली ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या संबंधित आदेशांची यादी, मग प्रस्तावना, आणि त्यानंतर प्रत्यक्ष निर्णय. सभासदांच्या भ्रमणध्वनीवर जेव्हा असा कागद फिरू लागतो तेव्हा बहुतेक जणी वाढीचा आकडा शोधतात, आणि तो बहुधा प्रस्तावनेतच सापडतो. पण प्रस्तावना ही पार्श्वभूमी असते, तिच्यात संघटनांच्या मागणीचा आकडाही असू शकतो. हक्क निर्माण होतो तो निर्णयाच्या परिच्छेदांतून. त्यातही तीन गोष्टी पाहायच्या असतात: वाढ कोणत्या तारखेपासून लागू आहे, वित्त विभागाची सहमती नोंदली आहे का, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा ते दिले आहे का. लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातील तो खाना, ज्यातून पैसे काढायचे असतात. तो खाना रिकामा असला तर आदेश खरा असूनही पैसे येत नाहीत. शेवटी संगणक संकेतांक आणि राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने केलेली सही असते. संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून तोच कागद समोर येतो का हे पाहिले की फिरत आलेला जीआर खरा की बनावट, हे काही मिनिटांत ठरते. तालुक्याच्या सभेत जीआरची प्रत हातात देऊन ओळीओळीने वाचून दाखवणारी कार्यकर्ती एका तासात जे साधते ते दहा भाषणांनी साधत नाही.

अर्धवट वाचनाने कसा घोळ होतो याची उदाहरणे अलीकडच्या इतिहासातच आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांनी आशांचा मोबदला दुप्पट करण्याची घोषणा केली आणि ती ऑक्टोबरपासून लागू झाली. दुप्पट झाला तो नियमित कामांचा मासिक मोबदला, म्हणजे गावातील आरोग्य व पोषण दिवस, समितीची बैठक, आरोग्य केंद्रातील मासिक आढावा, कुटुंबांच्या व लाभार्थींच्या याद्या अद्ययावत ठेवणे या कामांचा. तो १००० वरून २००० रुपये झाला. प्रसूतीचे, लसीकरणाचे, घरभेटींचे दर होते तसेच राहिले. ‘आशांचे मानधन दुप्पट’ एवढाच मथळा वाचणाऱ्या बाईने पुढच्या महिन्यात खात्यात दुप्पट रकमेची वाट पाहिली असेल तर चूक तिची नव्हे. राज्य सरकारने जुलै २०२० पासून आपल्या निधीतून आशांना दरमहा २ हजार आणि गटप्रवर्तकांना ३ हजार रुपयांची वाढ दिली. त्यानंतर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत १५ जून २०२१ रोजी राज्यभर संप सुरू झाला आणि आरोग्यमंत्र्यांबरोबरच्या चर्चेनंतर २३ जूनला मागे घेतला गेला. त्यात आशांना १५०० रुपये मिळाले असे सर्वत्र छापले गेले. प्रत्यक्षात त्यातील १००० ही मोबदल्यातील वाढ होती आणि ५०० हा कोविड भत्ता. गटप्रवर्तकांच्या १७०० रुपयांतही १२०० आणि ५०० असेच दोन भाग होते. महासाथीच्या कामाशी बांधलेला भत्ता त्या कामाबरोबर संपू शकतो आणि वाढ टिकते, हा फरक संप मागे घेण्याच्या दिवशीच सभासदांना सांगणे संघटनेचे कर्तव्य असते, कारण पुढे भत्ता थांबला की ‘आमचे पैसे कापले’ असा समज पसरतो आणि रोष कोणावर धरायचा हेच कळेनासे होते.

माहितीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसले ते २०२३-२४ च्या लढ्यात. वेगवेगळ्या केंद्रीय कामगार संघटनांशी जोडलेल्या आणि स्वतंत्र अशा संघटनांनी एकत्र येऊन कृती समिती केली होती आणि तिच्या हाकेवरून १८ ऑक्टोबर २०२३ पासून बेमुदत संप सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये आरोग्यमंत्र्यांनी आशांना ७ हजार रुपयांच्या वाढीची आणि दिवाळीच्या भेटीची घोषणा केली, गटप्रवर्तकांनाही वाढ जाहीर झाली आणि संप मागे घेतला गेला. घोषणा झाली तरी जीआर निघाला नाही. महिना गेला, वर्ष बदलले, आणि १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप सुरू झाला. फेब्रुवारीत हजारो आशा मुंबईत आझाद मैदानावर येऊन बसल्या. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला तो नोव्हेंबर २०२३ पासून दरमहा ५ हजार रुपयांच्या वाढीचा. घोषणेतील ७ हजार आणि निर्णयातील ५ हजार यांच्यात २ हजारांचे अंतर होते, तर ‘नोव्हेंबरपासून’ या एका शब्दामुळे मार्चअखेर ५ महिन्यांचा फरक कागदावर प्रत्येकी २५ हजारांचा झाला.

या पाच महिन्यांत संघटनांच्या कार्यकर्त्यांना जे सांभाळावे लागले ते मोर्चा काढण्याहून अवघड होते. गावात लोक ‘तुमचे पगार वाढले की’ म्हणत होते, आणि घरचेही विचारत होते. वाढ जाहीर झाली आहे पण मिळालेली नाही, मिळाली तर ती किती हे अजून ठरलेले नाही, आणि तरीही पुन्हा काम बंद करायचे आहे, हे ७० हजार बायकांपर्यंत जसेच्या तसे पोहोचवायचे होते. घोषणेला विजय म्हणून साजरे करण्याचा मोह प्रत्येक संघटनेला होतो, कारण लढ्याला यश आले असे सांगितल्याने सभासद वाढतात. पण पैसे खात्यात येईपर्यंत चार टप्पे असतात, घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय, जीआर आणि निधीचे वितरण, आणि यांपैकी कोणता टप्पा पार पडला एवढेच प्रामाणिकपणे सांगणारी संघटनाच दुसऱ्या संपाची हाक देऊ शकते. ज्यांनी पहिल्यांदाच सर्व मिळाले असे सांगितले असते, त्यांच्या हाकेला जानेवारीत कोणी का उभे राहिले असते?

माहिती पोहोचण्याचे मार्गही या कामाच्या रचनेतून ठरतात. आशा कारखान्यातल्यासारख्या एका छताखाली नसतात. प्रत्येक जण आपल्या गावात एकटीच असते. त्या एकत्र येतात त्या आरोग्य केंद्रातील मासिक सभेच्या दिवशी. सरकारी सभा संपल्यावर बाहेर झाडाखाली होणारी अर्ध्या तासाची बैठक हीच बहुतेक ठिकाणी संघटनेची खरी सभा असते. उरलेला महिना व्हॉट्सॲपच्या गटांवर जातो, आणि तिथे खऱ्या निरोपाबरोबर जुना जीआर, दुसऱ्या राज्याचा आदेश, कोणाच्या तरी आवाजातील अनामिक संदेश असे सर्व काही फिरते. म्हणून तारीख, पाठवणाऱ्या पदाधिकाऱ्याचे नाव आणि मूळ कागदाचे छायाचित्र नसलेला निरोप पुढे पाठवायचा नाही, असा नियम तालुका गटाने केला आणि पाळला तर अफवांना बराच आळा बसतो. नंदुरबारच्या भिली-पावरी, मेळघाटच्या कोरकू आणि गडचिरोलीच्या गोंडी-माडिया पट्ट्यांत तर जीआरची मराठीही अनेकींना परकी वाटते, शिवाय कित्येक पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. तिथे निरोप तोंडीच जातो आणि तो जी घेऊन जाते तिच्या समजुतीवर त्याचा खरेपणा अवलंबून राहतो. ही जबाबदारी बहुधा गटप्रवर्तकांवर येते. त्या महिन्यातून अनेक गावांना भेटी देतात, म्हणून सर्वांत आधी त्यांनाच कळते. पण त्याच आशांच्या कामाची पडताळणीही त्याच करतात, त्यामुळे संघटनेची कार्यकर्ती आणि वरिष्ठ अशा दोन्ही नात्यांनी वागणे त्यांना जड जाते.

माहिती फक्त वरून खाली जात नाही. कोणत्या तालुक्यात किती महिन्यांचा मोबदला थकला आहे हे मंत्रालयातील चर्चेत मांडायचे तर ते आधी गावातून यावे लागते. ज्या संघटनेकडे तालुकानिहाय थकबाकीचा तक्ता असतो, तिच्या शिष्टमंडळाला ‘सगळीकडे वाटप झाले आहे’ या उत्तराने परत पाठवता येत नाही. अभियानाच्या खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असल्याने पैसे वर अडले की जिल्ह्यात, हे ओळखणे सोपे नसते. तिथे माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा उपयोगी पडतो. जिल्ह्याला कोणत्या तारखेला किती निधी मिळाला आणि तालुक्यांना किती वाटला, एवढे दोन प्रश्न विचारणारा अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. चर्चेचे इतिवृत्त, म्हणजे बैठकीत काय ठरले याची अधिकृत लेखी नोंद, मागून घेणे आणि ती सभासदांना दाखवणे हीही तशीच गोष्ट आहे. तोंडी आश्वासनाचा पाठपुरावा करता येत नाही.

महाराष्ट्रातील कामगार चळवळीला लेखी माहितीच्या मोलाची ही जाण पहिल्यापासून होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली त्याच्या आधीपासून ते ‘दीनबंधू’ हे पत्र चालवत होते आणि कामगारांच्या तक्रारी व मागण्या त्यातून मांडत होते.

गटप्रवर्तकांचा प्रश्न मात्र अजून वेगळाच आहे. त्यांना मिळणारा केंद्राचा मोबदला हा आशांच्या गावांना दिलेल्या भेटींवर मोजला जातो, त्यामुळे त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग प्रवासातच खर्च होतो. अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांचा दर्जा मिळावा ही त्यांची जुनी मागणी आहे. राज्याने २०२४ मध्येच त्यांना दरमहा ४ हजार रुपयांची वाढ दिली, तसेच आशा व गटप्रवर्तक या दोघींसाठी कामावर असताना अपघाती मृत्यू झाल्यास १० लाख आणि कायमचे अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये देण्याचा निर्णय घेतला. या दुसऱ्या निर्णयाची माहिती पोहोचणे विशेष आवश्यक आहे, कारण मोबदला थकला तर आशा स्वतः विचारते, पण तिच्या मृत्यूनंतर विचारणारे तिचे कुटुंब असते आणि असा काही निर्णय आहे हे त्यांना ठाऊक असतेच असे नाही. वारसाचे नाव, बँक खाते आणि आधारची नोंद आधीच तपासून घेण्याची मोहीम संघटनेने हाती घेतली पाहिजे.

२०२५ मध्ये केंद्राने नियमित कामांचा मासिक मोबदला २००० वरून ३५०० रुपये केला आणि १० वर्षांच्या सेवेनंतर काम सोडणाऱ्या आशांना मिळणारी रक्कम २० हजारांवरून ५० हजारांवर नेली. त्याच वर्षी केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर आशांचे धरणे अनेक महिने चालले आणि तिथल्या सरकारने राज्याचे मानधन दरमहा १ हजार रुपयांनी वाढवले. या दोन्ही बातम्या महाराष्ट्रातील आशांच्या भ्रमणध्वनीवर एकाच वेळी फिरल्या तर त्यांतील पहिली त्यांना लागू आहे आणि दुसरी नाही, पहिल्यातीलही १५०० रुपये ही राज्याच्या वाट्यावरची नव्हे तर केंद्राच्या वाट्यातील वाढ आहे, आणि ती कोणत्या महिन्यापासून हिशेबात धरायची हे जिल्ह्याच्या पत्रावरून ताडून पाहावे लागेल, एवढे सांगणारे कोणीतरी मासिक सभेच्या दिवशी आरोग्य केंद्राबाहेर असायला हवे.